पालथी ठेवलेली अकरा नंबर

काका गेले त्याला आज एकोणीस दिवस झाले. त्यांची चप्पल दाराशी आहे तशीच आहे, काकू कुणाला हात लावू देत नाही. माणसं येतात, बसतात, पाणी पितात आणि म्हणतात, फार शांत माणूस होता हो. शांत कसले! घाबरट होते आमचे काका. एक नंबरचे घाबरट. नावं ठेवायची म्हणून नाही सांगत. त्यांच्या त्या घाबरण्याच्या जिवावर एका अख्ख्या हॉस्पिटलातली मशीनं बावीस वर्षं चालली, म्हणून सांगायचं.

घरातून निघताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघणार. जिना उतरताना भिंतीला हात. कुणी मोबाईल चार्जिंगला लावून झोपलं की यांचा डोळा लागायचा नाही, उठून वायर काढून ठेवणार आणि सकाळी ज्याचा फोन बंद पडला त्याच्या शिव्या खाणार. काकू म्हणायची, "एक दिवस मलाही प्लगमधून काढून ठेवाल तुम्ही." काका म्हणायचे, "तू पटकन गरम होतेस ना, म्हणून भीती वाटते."

हॉस्पिटलात त्यांचं नाव हळूभाऊ. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत. कुणी मशीन उचललं रे उचललं की हे मागून ओरडायचे, "हळू! हळू!" कुणी बॅटरी टेबलावर आपटली की "हळू!" लोकांना ते इतकं पाठ झालं की दुरून काका दिसले तरी वॉर्डातल्या सिस्टर आपणच म्हणायच्या, "हळू, हळू, आले बघा."

त्यांची खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला, चादरी धुतात त्याच्या शेजारी. एक उंच खिडकी, एक मोठं टेबल, त्यावर काच, आणि भिंतीला फळ्या. काका आधी स्ट्रेचर ढकलायचे. तेव्हाचे म्हातारे इंजिनिअर होते त्यांनी यांना उचलून त्या खोलीत आणलं. का, तर म्हणाले, "हा माणूस घाबरतो. बॅटरीच्या कामाला घाबरणाराच पाहिजे, शूर माणसाने इथे नुसता धूर काढला असता."

काम काय, तर हातात धरून नेता येतील अशा तपासणीच्या मशीनच्या बॅटऱ्या सांभाळायच्या. त्यात मुख्य म्हणजे छातीची पट्टी काढायची मशीनं, ईसीजी म्हणतात ती. अशी सहा मशीनं. तीन वरच्या वॉर्डांत, एक तातडीच्या विभागात, एक बाहेरून येणाऱ्या पेशंटना, आणि एक गाडीत. गाडी म्हणजे, जे म्हातारे हलू शकत नाहीत त्यांच्या घरी सिस्टर जाऊन पट्टी काढून आणायची, ती. सहा मशीनं आणि बारा बॅटऱ्या. सहा आत, सहा फळीवर. प्रत्येकीवर काकांनी काळ्या पेनाने नंबर घातलेला.

पहिलीत नापास झालेला माणूस असं स्वतःच सांगायचे, पण बॅटऱ्यांची कुंडली तोंडपाठ. पूर्ण उतरू द्यायची नाही, रात्रंदिवस चार्जिंगवर ठेवायची नाही, उन्हात नाही, खिडकीशी नाही. चार्जरमधून काढली की आधी गालाला लावायची. हात राकट झालेला असतो, त्याला कळत नाही, गालाला खरं कळतं असं त्यांचं म्हणणं. मग काचेवर ठेवून बोटाने एक टिचकी. बॅटरी चांगली असली की जागची हलत नाही, सपाट बसते. आतून फुगायला लागली असली की डोळ्याला दिसत नाही पण काचेवर भिंगरीसारखी फिरते. "फिरली की गेली," एवढंच बोलायचे.

आणि महिन्यातून एकदा प्रत्येकीची परीक्षा. त्यासाठी एक छोटी डबी होती, ती मशीनला जोडली की मशीनला वाटायचं खरंच माणूस आहे, आणि ठोके दाखवायचं. काका तिला खोटा पेशंट म्हणायचे. डबी जोडायची, मशीन चालू करायचं आणि स्टूल टाकून बसायचं, बॅटरी किती मिनिटं टिकते ते वहीत लिहायचं. "माझा पेशंट कधी मरत नाही," म्हणायचे, "बॅटरीच मरते." पण बोलताना हसायचे नाहीत. कारण त्यांच्या डोक्यात सारखं एकच असायचं, की इथे मेली ते बरं, तिथे खऱ्या माणसाच्या छातीला वायरी लावलेल्या असताना मेली तर?

त्यातली सगळ्यात जास्त भीती अकरा नंबरची. तिचं झालं काय, की चार्जरवर लावली की हिरवा दिवा, मशीनमध्ये घातली की चार काड्या भरलेल्या, आणि खोट्या पेशंटला जोडली की बाकीच्या दोन-दोन तास चालायच्या तिथे ही चाळीस मिनिटांत आडवी. काका तिला तोंडदेखली म्हणायचे. तोंडावर सगळं गोड, आत काही नाही. शेवटच्या परीक्षेत ती काचेवर फिरली पण. थोडी, अर्धा वळसा, पण फिरली.

आता नियम असा की फिरली की लाल डब्यात. लाल डबा म्हणजे परत वापरायची नाही, महिन्याच्या शेवटी माणूस येऊन घेऊन जाणार. काकांनी तिला हातात धरलं, डब्यापर्यंत नेलं, आणि टाकली नाही. नवीन बॅटरी मागितलेली होती ती आलेली नव्हती. बारातली एक गेली की एका मशीनला जोड उरणार नाही, आणि जोड नसताना अचानक काही झालं तर, ही दुसरी भीती. त्या भीतीने ही भीती दाबली. म्हणाले, अजून एकदा बघू. आणि तिला फळीवर पालथी ठेवली.

हे पालथं म्हणजे काय ते नीट सांगायला पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं. काकांच्या फळीवर बॅटरी उताणी, म्हणजे नंबर वर, असली तर घ्या, चांगली आहे. पालथी, म्हणजे नंबर खाली, असली तर हात लावू नका. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. बावीस वर्षं ते असंच करत होते आणि त्यांना वाटायचं, हे काय, सगळ्यांनाच माहीत आहे.

आणि नेमकं तेव्हाच काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. काका तीन दिवस घरी राहिले, थेंब घालायला. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या आत कामावर गेले. रिटायर व्हायला तेव्हा सात महिने राहिले होते.

खोलीचं दार उघडलं आणि स्पिरिटचा वास आला. सगळं लख्ख. टेबल लख्ख, काच लख्ख, फळ्या पुसलेल्या. तपासणीला मोठे साहेब येणार म्हणून इंजिनिअर मॅडमनी सफाईच्या मावशींना सांगून खोली पुसून घेतली होती. फळीवर सहा बॅटऱ्या एका ओळीत, दात घासून बसवलेल्या पोरांसारख्या. सगळ्या उताण्या. काकांनी पहिली उचलली. नंबर नाही. दुसरी, नंबर नाही. स्पिरिटच्या बोळ्याने पेनाची शाई साफ निघून गेली होती.

 सफाईच्या मावशी दारातच बादली घेऊन उभ्या होत्या, कौतुकाने. "कशी झालीय खोली, भाऊ?"

"मावशी," काका म्हणाले, "इथे एक पालथी होती. कोपऱ्यात."

"हो ना, पालथी पडली होती बिचारी. मी सरळ केली. पुसली पण दोनदा."

"मग?"

"मग काय? मॅडम म्हणाल्या, सगळ्या चार्जिंगला लावा. हिरवे दिवे लागले. वॉर्डातली माणसं येऊन बदलून घेऊन गेली. त्यांनी घेतल्या, जुन्या इथे ठेवल्या, त्याही मी पुसून ठेवल्या."

मावशींची चूक काय त्यात? पडलेलं माणूस दिसलं तरी आपण उचलून बसवतो.

त्या गेल्या आणि काकांनी दार लावून घेतलं. सहाच्या सहा बॅटऱ्या एकेक करून काचेवर ठेवल्या आणि टिचकी मारली. एक, नाही फिरली. दोन, नाही. प्रत्येक टिचकीला मनात म्हणत होते, फिर गं, फिर बाई. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बॅटरी फिरायला पाहिजे होती. सहावीला टिचकी मारली. ती पण दगडासारखी बसून राहिली.

म्हणजे अकरा नंबर बाहेर. सहा मशीनांपैकी एकात. कुठल्या, देव जाणे.

आता इथे काकांनी काय करायला पाहिजे होतं ते तुम्हालाही कळतंय. फोन उचलायचा, सहाही ठिकाणी सांगायचं, मशीन वापरू नका, माझी एक खराब बॅटरी बाहेर गेली आहे. फोन भिंतीलाच होता. नंबर सगळे पाठ. त्यांनी फोनकडे पाहिलं, आणि मॅडमचा चेहरा डोळ्यापुढे आला. मॅडम विचारणार, खराब होती तर लाल डब्यात का नव्हती? बावीस वर्षांत एक डाग नाही आणि जाता जाता हा.  म्हणाले, कुणाला कळायच्या आत आपणच शोधून आणू. अर्ध्या तासाचं काम.

आधी धावले तातडीच्या विभागात. तिथे कोण कधी येईल सांगता येत नाही. मशीन कोपऱ्यात होतं. "सहज चेकिंग," असं म्हणून बॅटरी काढली, औषधाच्या टेबलाच्या काचेवर ठेवली, टिचकी. नाही फिरली. परत घातली. झाकण दोनदा निसटलं.

मग पहिला मजला. जिन्यात भिंतीला हात धरायचं भान नव्हतं. वॉर्डातली सिस्टर बघतच राहिली. "अगं बाई, हळूभाऊ पळतायत! गोगलगाईला पाय फुटले का काय?"

"जरा बॅटरी बघू द्या."

"काही झालंय का?"

"छे छे. काय व्हायचंय? सहज."

नाही फिरली.

दुसऱ्या मजल्यावर मशीन एका बाईच्या उशाशी, वायरी तिच्या छातीला लावलेल्या, पट्टी निघत होती. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. काड्या चार दिसत होत्या. तोंडदेखलीच्याही चारच दिसतात. पट्टी सरसर निघत होती आणि काकांना वाटत होतं आता थांबेल, आता थांबेल. त्या बाईने मान वळवून विचारलं, "भाऊ, माझं काही वाईट निघालंय का हो? तुम्ही असे घामाघूम का?" काकांनी नाही म्हणून मान हलवली. पट्टी पूर्ण झाली. बॅटरी काढली, ट्रेवर ठेवली. बसून राहिली.

तिसरा मजला, नाही. तिथे तर मशीनच सापडेना, कुणी बाथरूमच्या बाहेर ठेवलेलं, त्यात वीस मिनिटं गेली. मग खाली, बाहेरच्या पेशंटची रांग, तिथल्या माणसाने आधी वीस जणांचं होऊ द्या म्हणून सांगितलं. काका तिथे उभे राहून एकेक माणूस मोजत बसले, पण खरं बोलले नाहीत. शेवटी बॅटरी हातात आली. गालाला लावली, थंड. काचेवर ठेवली. टिचकी.

नाही.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. पाच मशीनं झाली. राहिली एकच, गाडीतली. आणि खरं सांगायचं तर काकांना पहिल्यापासून तीच टोचत होती. पण गाडीला विचारायचं म्हणजे फोन करायचा, फोन करायचा म्हणजे सांगायचं, म्हणून ती शेवटाला ढकलली होती. मनाला म्हणत होते, गाडी बाराला येतेच परत.

काका परत खोलीत आले. गाडीच्या सिस्टरला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. उचलेना. आणि मग काकांच्या लक्षात आलं की ती उचलणारच नाही. पट्टी काढताना मोबाईल मशीनजवळ ठेवायचा नाही, पट्टीत थरथर येते, हे तिला शिकवलं कुणी? यांनीच. ती फोन गाडीतच ठेवून वर जायची, इतकी ऐकणारी.

तिसऱ्यांदा ड्रायव्हरने उचलला. "हां, हळूभाऊ! सिस्टर वर गेल्यात."

"कधी गेली?"

"झाला की अर्धा-पाऊण तास. चौथ्या मजल्यावर आजोबा आहेत एक. मगाशी खिडकीतून ओरडल्या, मशीन बंद पडलं, वायरला लावतेय, वेळ लागेल म्हणून."

वायरला लावतेय.  बॅटरी उतरली की मशीन प्लगला लावायचं, हे कुणीही करेल. आणि फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावली की ती अजून तापणार, अजून फुगणार, आणि मग ती बॅटरी राहत नाही, शेगडी होते. गादीवर, म्हाताऱ्या माणसाच्या कुशीत.

"वर जा," काका म्हणाले. "तिला सांग, वायर काढ."

"बरं. हा चहा पितो आणि..."

"पळ!"

"काय?"

"पळ म्हणतोय ना! पळ!"

ड्रायव्हर नंतर सगळ्यांना सांगायचा, की मला आधी वाटलं राँग नंबर. हळूभाऊंच्या तोंडून पळ! पण माणूस हुशार, ग्लास तसाच सोडून निघाला. फोन कानाला तसाच.

"लिफ्ट वर गेलीय, भाऊ."

"जिन्याने पळ!"

काका खोलीत उभे. फोन गालाला दाबलेला. त्यांना दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. चपला जिन्यावर आपटत होत्या. ड्रायव्हरची धाप. एक मजला. कुठेतरी कुकरची शिट्टी. दुसरा मजला. "आई गं," ठेचकाळला वाटतं. काका मोजत होते, तीन, आणि मनात येत होतं, नऊ वाजता फोन केला असता तर सिस्टर अजून हॉस्पिटलच्या दारात होती. नऊ वाजता गाडी इथून निघते. खिडकीतून तिचा हॉर्न ऐकला होता मी. मी तेव्हा काचेवर टिचक्या मारत होतो.

बेल. परत बेल. दार उघडल्याचा आवाज, एका बाईचा, "कोण पाहिजे?" मग सिस्टरचा, "अरे तू वर कशाला?"

"वायर काढा! हळूभाऊ सांगतायत!"

मग खडखड, आणि सिस्टर फोनवर. "काय हो भाऊ? अर्ध्या पट्टीत बंद पडली, म्हणून लावली. दहा मिनिटं झाली असतील. थोडी भरली की काढते परत पट्टी."

"प्लग बंद कर."

"केला."

"मशीनला खालून हात लाव."

 मग, "आई गं! पोळलं! भाऊ, खालचं झाकण वर आलंय, फुगलंय!"

"कुठे ठेवलंय?"

"गादीवर. आजोबांच्या शेजारी."

काकांचं बोलणं एकदम सरळ झालं. घाबरट माणसाने हा दिवस मनात हजार वेळा पाहिलेला असतो ना, त्याला पुढचं सगळं पाठ असतं. "आजोबांच्या अंगावरच्या वायरी काढ. झाकण उघडू नको. टोचू नको, आपटू नको. जाड टॉवेल घे, ड्रायव्हरला दे, आडवं धरून गॅलरीत ने म्हणावं. तोंडापासून लांब. गॅलरीत कपडे वाळत असतील तर आधी काढ. फरशीवर ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. आणि सावकाश..." इथे त्यांचं त्यांनाच काही कळेना, हळू म्हणावं की पळ म्हणावं. "नीट," असं म्हणाले शेवटी.

पावलं. कुणीतरी तांब्या पाडला. गॅलरीचं दार करकरलं आणि बंद झालं.   तेवढ्यात लांबून, दाराच्या पलीकडून, फुस्स असा आवाज आला, सापाने काढावा तसा लांबलचक, आणि ती घरातली बाई किंचाळली.

"सिस्टर? सिस्टर!"

"धूर येतोय, भाऊ. नुसता धूर. पांढरा. बाहेर आहे, दार बंद आहे. नेलपॉलिशसारखा वास येतोय."

"खिडक्या उघडा दुसऱ्या बाजूच्या. आजोबा?"

"आजोबा आहेत. आजोबा विचारतायत कोण एवढं ओरडतंय फोनमध्ये."

काका मटकन स्टुलावर बसले. पण सिस्टर पुढे बोलली, हळू आवाजात, दुसऱ्या खोलीत जाऊन. "भाऊ, ती अर्धी पट्टी माझ्या हातात आहे. अर्ध्यावरच दिसतंय मला, बरं नाही आजोबांचं. मी पूर्ण पट्टीसाठी थांबले होते, म्हटलं मशीन भरू दे. आता थांबत नाही, गाडीत घालून आणते."

मशीन भरू दे म्हणून थांबली होती. ही दहा मिनिटं कुणाची, ते काकांना बरोबर कळलं.

आजोबांना आणलं. काका दारात उभे होते. स्ट्रेचर त्यांनीच धरलं, पूर्वी ढकलायचे तसं, आणि आतपर्यंत नेलं. पडदा ओढला गेला. काका बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. दोन तास. कुणी म्हटलं, हळूभाऊ, जेवायला चला, तर जागचे हलले नाहीत. कानाला आजोबांचा आवाज येतो का, एवढंच. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून तासभर गेला असता तर अवघड होतं. लोक म्हणाले, वा. काकांनी डोळे मिटले. वेळेवर! त्यांना वेळ माहीत होती.

मग मॅडमच्या केबिनमध्ये गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. काका उभ्याउभ्याच म्हणाले, "ती बॅटरी मी पालथी ठेवली होती. लाल डब्यात टाकायला पाहिजे होती."

मॅडम म्हणाल्या, "पालथी म्हणजे?"

"पालथी म्हणजे... घ्यायची नाही ती."

"हे कुणाला माहीत होतं, काका?"

 बावीस वर्षांत एवढा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मावशींना माहीत नव्हतं, मॅडमना नव्हतं, वॉर्डांना नव्हतं. सगळं हॉस्पिटल एका माणसाच्या डोक्यातल्या खुणेवर चाललं होतं, आणि तो माणूस काकूच्या डोळ्यांत थेंब घालत होता.

मॅडमनी कागद दिला. काय झालं ते लिहून द्या. काकांचं लिहिणं म्हणजे एकेक अक्षर ओढून आणायचं. तीन ओळी लिहिल्या. बॅटरी फुगली होती. मी ठेवून दिली. पुसताना नंबर गेला. सही केली, दिला आणि निघाले. चादरी धुतात तिथपर्यंत आले, आणि थांबले. काकू सांगते, नंतर घरी म्हणाले होते की त्या वाफेच्या आवाजात मला ते फुस्स परत ऐकू आलं. मागे फिरले. मॅडमकडून कागद मागून घेतला आणि सहीच्या खाली चौथी ओळ लिहिली. नऊ वाजता कळलं होतं, फोन अकरा वाजता केला, भीतीने.

मॅडमनी ती ओळ वाचली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे लिहिलं नसतंत तर मला कळलं नसतं." काका म्हणाले, "म्हणूनच." एवढंच.

फाईलला लेखी समज लागली. बावीस वर्षांतली पहिली. राहिलेले सात महिने काकांनी प्रत्येक बॅटरीवर खिळ्याने नंबर कोरले, पुसता येऊ नयेत असे, वेडेवाकडे. आणि भिंतीवर मोठा कागद लावला. पालथी म्हणजे घेऊ नये. फिरली की लाल डबा. शंका आली की आधी फोन. मावशींना समोर उभं करून स्वतः वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, "मला वाचता येतं हो, भाऊ. तुम्हाला ऐकायचंय म्हणून ऐकते."

ते आजोबा नऊ दिवसांनी घरी गेले. काका रोज त्यांच्या पलंगापर्यंत जायचे, लांबूनच बघायचे आणि यायचे. आपण कोण ते कधी सांगितलं नाही. त्याचीच भीती वाटायची.

रिटायर झाल्यावर वर्षभर घरी होते. आमच्या सगळ्यांचे फोन जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ठेवून टिचक्या मारायचे. गेल्या महिन्यात त्यांच्याच छातीत दुखायला लागलं आणि त्याच हॉस्पिटलात नेलं. ती गाडीची सिस्टर आता वॉर्डात असते. मशीन घेऊन आली, वायरी लावायला लागली, तर काकांनी तिचा हात धरला. चेहरा पांढरा पडलेला. काकूला वाटलं, मरणाला घाबरले.

सिस्टरला बरोबर कळलं. तिने मशीन उलटं केलं, बॅटरी काढली, आधी त्यांच्या गालाला लावली. मग औषधाच्या टेबलाच्या काचेवर ठेवली आणि टिचकी मारली. बसून राहिली. मग नंबर त्यांच्यापुढे धरला. खिळ्याने कोरलेला, वाकडा सात.

"सात का," काका म्हणाले. "चांगली आहे ती. एकशे दहा मिनिटं जाते." आणि हात सोडला. "लाव आता. हळू."

पट्टी पूर्ण निघाली. चांगली नव्हती. चौथ्या दिवशी काका गेले.

ती पट्टी काकूकडे आहे, घडी करून ठेवलीय. कुणी आलं की उघडून दाखवते आणि म्हणते, बघा, मध्ये कुठेही तुटलेली नाही.